द्वंद्वयुद्ध अभ्यासताना तिसऱ्या माणसाकडे बघा

‘मला इतिहासातल्या आणि साहित्यातल्या मानापमानावर काम करायचंय.’ पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणाऱ्यांकडून अशा प्रकारचं वाक्य बरेचदा ऐकू येतं. विषय उत्तम आहे, पण अजून तो प्रश्न झालेला नाही. ‘मान’ ही इतकी मोठी आणि निसरडी गोष्ट आहे की तिच्यात काहीही बसवता येतं. मग दोन वर्षं वाचन होतं, वह्या भरतात, आणि गाईड विचारतात, ‘बरं, पण तुम्हाला नक्की काय शोधायचंय?’

या लेखात मी युरोपातल्या द्वंद्वयुद्धाचं, म्हणजे ‘ड्यूएल’चं उदाहरण घेणार आहे. अशा पसरट विषयातून हातात धरता येईल असा प्रश्न कसा काढायचा, आणि त्यासाठी कादंबरी, नियमावली, पत्रं, सरकारी अहवाल ही वेगवेगळ्या जातीची साधनं एकमेकांशेजारी कशी ठेवायची, ते बघू. बहुतेक उदाहरणं रशियातली आहेत, कारण तिथे ही सगळी साधनं एकाच ठिकाणी सापडतात.

आधी शब्दाची अडचण

मराठीत आपण ‘ड्यूएल’ला द्वंद्वयुद्ध म्हणतो. त्यामुळे डोळ्यांसमोर लगेच भीम आणि दुर्योधनाचं गदायुद्ध येतं. तिथेही नियम आहेत (कमरेखाली वार करायचा नाही) आणि नियम मोडल्यावर बलराम संतापतो, हेही आपल्याला माहीत असतं. पण ते युद्ध उघड्यावर होतं, सगळ्यांच्या देखत होतं, आणि त्यावर राज्य ठरणार असतं.

१८व्या-१९व्या शतकातलं युरोपीय ड्यूएल याच्या जवळजवळ उलटं आहे. ते लपून व्हायचं, कारण कायद्याने त्याला बंदी होती. कारण बहुधा किरकोळ असायचं: एखादा शब्द, एखादा नाच, वर्तमानपत्रातलं एखादं पत्र. आणि लढायचं ते आपल्या बरोबरीच्या माणसाशीच. नोकराने अपमान केला तर त्याला आव्हान द्यायचं नसतं. म्हणजे आव्हान देणं हीच मुळात ‘तू माझ्या पातळीचा आहेस’ अशी कबुली होती. तेव्हा शब्द मराठी वापरा, पण त्यातलं कुरुक्षेत्र बाजूला ठेवा.

नियम कशासाठी होते?

आयर्लंडमध्ये १७७७ साली क्लॉनमेल इथे काही जिल्ह्यांच्या प्रतिनिधींनी द्वंद्वयुद्धाचे नियम ठरवले, असं जोना बॅरिंग्टन या आयरिश न्यायाधीशाने आपल्या आठवणींत नोंदवलं आहे. नियमांचा मजकूर आपल्याला मुख्यतः त्याच्याच पुस्तकातून माहीत आहे. सुरुवातीला गोळी कशी झाडायची हे वाचायला मिळेल असं वाटतं. प्रत्यक्षात बराच भाग आहे तो माफीचा. पहिला अपमान ज्याने केला त्याने पहिली माफी मागायची, समोरच्याचं प्रत्युत्तर कितीही जास्त झोंबणारं असलं तरी. आव्हान शक्यतो रात्री द्यायचं नाही, कारण डोकं तापलेलं असताना काही घडू नये. आणि प्रत्येक बाजूने जो माणूस सोबत येईल, त्याने लढाईआधी समेटाचा प्रयत्न करायलाच हवा.

हा ‘सोबत येणारा माणूस’ म्हणजे इंग्रजीतला ‘सेकंड’. मी त्याला पाठीराखा म्हणते. पिस्तुलं तपासणं, अंतर मोजणं ही त्याची कामं आपल्याला सिनेमामुळे माहीत असतात. त्याचं खरं काम त्याआधीचं आहे. आव्हान दिल्यावर दोन्ही मुख्य माणसांनी एकमेकांशी बोलायचं नसतं. बोलायचं ते दोन पाठीराख्यांनी. दोघांपैकी कोणाचीही मान खाली न जाता भांडण मिटेल असा शब्द शोधायचा, आणि नाहीच सापडला तर कमीत कमी रक्त सांडेल अशा अटी ठरवायच्या.

हे नीट चाललं तर कसं दिसतं? २१ मार्च १८२९ रोजी लंडनजवळ बॅटरसीच्या मैदानावर इंग्लंडचा पंतप्रधान द्वंद्वयुद्धाला उभा राहिला. हा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हणजे १८०३ साली असईला मराठ्यांशी लढलेला तोच आर्थर वेलस्ली. कॅथलिकांना राजकीय हक्क देण्याच्या प्रश्नावरून अर्ल ऑफ विंचिल्सीने त्याच्यावर जाहीर पत्रातून आरोप केले होते. वेलिंग्टनचा पाठीराखा होता हेन्री हार्डिंग, जो पुढे भारताचा गव्हर्नर जनरल झाला. वेलिंग्टनची गोळी लागली नाही, विंचिल्सीने हवेत बार काढला. मग विंचिल्सीच्या पाठीराख्याने आधीच लिहून आणलेला दिलगिरीचा कागद पुढे केला. त्यात ‘माफी’ हा शब्दच नाही म्हणून वेलिंग्टन अडून बसला. तो शब्द घातला गेला आणि प्रकरण संपलं. दोन पिस्तुलं मैदानात, आणि भांडण मिटलं ते कागदावरच्या एका शब्दाने.

आता ‘मानापमान’ या धूसर विषयातून एक प्रश्न बाहेर येतो: हे प्रकरण कुठे कुठे थांबू शकत होतं, आणि ते थांबवणं कोणाच्या हातात होतं? हा प्रश्न घेऊन आपण रशियात जाऊ.

ओनेगिन: कादंबरीतले चुकलेले थांबे

पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या पद्यकादंबरीच्या सहाव्या प्रकरणात (प्रसिद्धी १८२८) ओनेगिन आपला तरुण मित्र लेन्स्की याला द्वंद्वयुद्धात मारतो. कारण काय? तात्यानाच्या नामदिनाच्या समारंभात कंटाळलेला आणि चिडलेला ओनेगिन मुद्दाम लेन्स्कीच्या वाग्दत्त वधूशी, ओल्गाशी, लगट करतो. लेन्स्की आव्हान पाठवतो.

सर्वसाधारण वाचक इथे दोघांच्या स्वभावाकडे बघतो. एक भावुक, दुसरा थंड. युरी लोटमन या अभ्यासकाने या कादंबरीवर जी टीका लिहिली (१९८०), तिच्यात त्याने तिसऱ्याच माणसाकडे बोट दाखवलं: लेन्स्कीचा पाठीराखा झारेत्स्की. पुश्किन त्याला द्वंद्वयुद्धाच्या बाबतीत काटेकोर माणूस म्हणतो. लोटमन दाखवतो की या काटेकोर माणसाने एकेक थांबा वाया घालवला.

आव्हान पोचवताना त्याने समेटाबद्दल बोलायला हवं होतं. ओनेगिनने ‘मी तयार आहे’ म्हटल्याबरोबर तो उठून गेला. लढाईआधी दोन पाठीराख्यांनी भेटून अटी ठरवायच्या असतात, ती भेटच झाली नाही. ओनेगिन त्या सकाळी झोपून राहिला आणि खूप उशिरा आला. तेवढ्यावर तो ‘आलाच नाही’ असं ठरवून घरी जाता आलं असतं. शिवाय ओनेगिनने पाठीराखा म्हणून स्वतःच्या फ्रेंच नोकराला, गियोला, उभं केलं. बरोबरीच्या माणसांच्या या व्यवहारात नोकर चालत नाही, म्हणजे तिथेही थांबता आलं असतं. झारेत्स्कीने फक्त ओठ चावला.

हे कळल्यावर पुन्हा वाचा. एका भावुक तरुणाचं दुर्दैव म्हणून वाचलेली गोष्ट आता एका माणसाच्या बेपर्वाईची गोष्ट होते. कादंबरीत आणखी एक सूचक जागा आहे. तात्यानाला कळलं असतं तर तिने हे होऊ दिलं नसतं, असं पुश्किन सांगतो. पण सगळं गुपचूप चालल्यामुळे तिला कळणं शक्यच नव्हतं. ज्यांनी थांबवलं असतं त्यांना माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे तो थांबवत नाही.

इथे जरा थांबा: नियमावली कधीची?

लोटमनचं वाचन मला आजही पटतं. पण संशोधनाची तयारी करणाऱ्याने त्याच्या तळटिपाही बघाव्यात. उशीर किती चालतो यासारख्या मुद्द्यांसाठी तो दुरासोव याच्या रशियन नियमावलीचा आधार घेतो. ती छापली गेली २०व्या शतकाच्या सुरुवातीला. ओनेगिन-लेन्स्कीची लढाई लिहिली गेली १८२६ च्या सुमारास. मध्ये ऐंशीएक वर्षं आहेत. फ्रान्समधली शातोव्हिलार्डची प्रसिद्ध नियमावलीसुद्धा १८३६ ची, म्हणजे नंतरचीच.

मग लोटमन चुकला का? तसं लगेच म्हणता येत नाही. नियम बहुतेकदा छापले जाण्याआधी लोकांच्या तोंडी आणि वागण्यात असतात. लग्नातल्या मानपानाचे नियम आपल्याकडे कुठे छापलेले असतात? तरी ते मोडले की सगळ्यांना कळतं. पण ‘१५ मिनिटांपेक्षा जास्त उशीर चालत नसे’ असा नेमका आकडा १९०८ च्या पुस्तकातून उचलून १८२० च्या दशकाला लावायचा असेल, तर मधला पूल तुम्हाला बांधावा लागतो: त्या काळातली पत्रं, आठवणी, खटल्यांचे कागद.

यातून एक साधी सवय लावून घ्या. नियमावली उघडली की तीन गोष्टी वहीत लिहा: छापली कधी, लिहिणारा कोण, आणि तेव्हा लिहायची गरज का पडली. बऱ्याचदा नियम छापावे लागतात ते लोक विसरायला लागले म्हणून.

पुश्किनचे स्वतःचे कागद

आता कादंबरीतून कागदपत्रांकडे. नोव्हेंबर १८३६ मध्ये पुश्किनला एक निनावी पत्र आलं. त्याच्या बायकोवरून त्याची टर उडवणारं होतं. त्याने जॉर्ज दांतेस या फ्रेंच अधिकाऱ्याला आव्हान दिलं. दांतेस हा नेदरलँड्सचा राजदूत हेकेरेन याचा दत्तकपुत्र. पण ती लढाई झाली नाही. कवी झुकोव्स्की मध्ये पडला, दांतेसने पुश्किनच्या मेहुणीला मागणी घातली, पाठीराख्यांनी (पुश्किनकडून लेखक सोलोगुब, पलीकडून दार्शियाक) शब्द जुळवले, आणि आव्हान मागे घेतलं गेलं. थांबण्याच्या जागा शाबूत होत्या आणि त्या वापरल्या गेल्या.

जानेवारीत भांडण पुन्हा पेटलं. पुश्किनने हेकेरेनला इतकं अपमानकारक पत्र लिहिलं की दांतेसकडून आव्हान येणं अटळ झालं. यावेळी पुश्किनने काय केलं ते त्याच्या दार्शियाकला लिहिलेल्या पत्रात दिसतं. आपल्या घरच्या गोष्टी पीटर्सबर्गच्या रिकामटेकड्यांना कळू द्यायच्या नाहीत, म्हणून पाठीराख्यांनी आपसात काही बोलायला त्याने नकार दिला. आपला पाठीराखा आपण थेट जागेवर आणू असं कळवलं. वर, तुम्हाला हवा तर तुम्हीच माझ्यासाठी निवडा, वर्दीतला नोकर असला तरी चालेल, अशा अर्थाचंही लिहिलं.

शाळेतला जुना मित्र दान्झास त्याला त्याच दिवशी मिळाला. समेटाला वेळच उरला नाही. अटी कडक होत्या: दोघांनी २० पावलांवर उभं राहायचं, मधल्या दोन मर्यादारेषांत १० पावलांचं अंतर, आणि दोघांचे बार वाया गेले तर पुन्हा पहिल्यापासून. २७ जानेवारी १८३७ ला चोर्नाया रेच्काजवळ पुश्किनला पोटात गोळी लागली आणि दोन दिवसांनी तो गेला. (या तारखा जुन्या रशियन पंचांगाच्या आहेत. आजच्या पद्धतीने लढाई ८ फेब्रुवारीची. रशियन साधनं वापरताना १२ दिवसांचा हा फरक प्रत्येक वेळी तपासा.)

नोकर पाठीराखा म्हणून चालेल, हे वाक्य वाचल्यावर गियो आठवतोच. इथे मोह आवरा. ‘पुश्किनने स्वतःचीच कादंबरी जगली’ हे वाक्य व्याख्यानात टाळ्या घेईल, पण ते सिद्ध करणारा कागद कुठे आहे? या दोन साधनांच्या जोरावर एवढंच म्हणता येतं: पाठीराखा कशासाठी असतो आणि तो नसला तर काय होतं, हे पुश्किनला नीट माहीत होतं, आणि त्याने जानेवारीत तो दरवाजा जाणूनबुजून बंद केला. हे वाक्य कमी चमकदार आहे. पण व्हायव्हात ते टिकेल.

नियम कादंबरीतून शिकलेले असतील तर?

साहित्य आणि इतिहास यांचं नातं एकेरी नसतं. चेकॉव्हच्या ‘द्वंद्वयुद्ध’ (१८९१) या दीर्घकथेत सगळे मैदानावर जमतात आणि मग लक्षात येतं की पुढे काय करायचं हे कोणालाच नीट ठाऊक नाही. तेव्हा एक जण विचारतो की लेर्मोन्तोवने कसं वर्णन केलंय ते कोणाला आठवतंय का. तुर्गेनेवच्या बझारोवचीही आठवण काढली जाते. प्रसंग हसू आणणारा आहे. पण आपल्यासाठी सूचना गंभीर आहे: प्रत्यक्षातल्या माणसांनीसुद्धा कसं उभं राहायचं, कसं बोलायचं हे कादंबऱ्यांतून उचललेलं असू शकतं. आणि ज्या लेर्मोन्तोवची आठवण काढली जाते, त्याने १८४० साली कादंबरीत द्वंद्वयुद्ध रंगवलं आणि १८४१ मध्ये तो स्वतः प्यातिगोर्स्कजवळ द्वंद्वयुद्धात मेला.

म्हणून ‘कादंबरीत असं आहे, म्हणजे समाजात असं होतं’ हे जसं घाईचं, तसंच ‘कादंबरी काल्पनिक, म्हणून पुरावा नाही’ हेही घाईचं. कादंबरी काय घडलं हे कदाचित सांगणार नाही. पण लोकांच्या डोक्यात काय घडायला हवं होतं, हे ती सांगते.

दरवाजा सरकारनेच बंद केला तेव्हा

पीटर द ग्रेटच्या काळापासून रशियन कायद्यात द्वंद्वयुद्धाला फाशीपर्यंतची शिक्षा लिहिलेली होती. प्रत्यक्षात शिक्षा सौम्य व्हायची. दान्झासला शेवटी दोन महिन्यांची कैद झाली. १८९४ मध्ये मात्र चित्र उलटलं. सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या भांडणांवर रेजिमेंटमधल्याच अधिकाऱ्यांचं न्यायमंडळ निर्णय देईल, आणि त्याने लढणं आवश्यक ठरवल्यावर जो नकार देईल त्याला नोकरी सोडावी लागेल, असा नियम आला. समेट करायचा की नाही हे आता रेजिमेंट ठरवू लागली, आणि रेजिमेंटला स्वतःच्या अब्रूची काळजी होती.

कुप्रीनची ‘द्वंद्वयुद्ध’ (१९०५) ही कादंबरी याच व्यवस्थेवर आहे. तरुण अधिकारी रोमाशोव आणि निकोलायेव यांच्यात भांडण होतं, न्यायमंडळ लढण्याचा निर्णय देतं. आदल्या रात्री निकोलायेवची बायको शूरोच्का रोमाशोवकडे येते. लढाई टाळलीस तर माझ्या नवऱ्याच्या बढतीच्या वाटेवर संशय राहील, तेव्हा लढ, पण कोणालाही इजा होणार नाही, नवऱ्याशी ठरलंय, असं ती सांगते. रोमाशोव विश्वास ठेवतो.

शेवटचं प्रकरण म्हणजे एक सरकारी अहवाल आहे. कॅप्टन दर्जाच्या एका अधिकाऱ्याने कमांडरला पाठवलेला: कोण कुठे उभा होता, किती पावलं, गोळी कुठे लागली, किती मिनिटांत मृत्यू झाला. त्यात खोटं काहीच नाही. आणि रोमाशोव का मेला हे त्यात कुठेही नाही. आदली रात्र फक्त वाचकाला माहीत आहे.

दप्तरखान्यात काम करणार असाल तर हे शेवटचं प्रकरण आधी वाचून जा. उद्या तुमच्या हातात असाच नीटनेटका, मोजमापांसह सही-शिक्क्याचा कागद येईल. त्यातली पावलं बरोबर असतील, वेळ बरोबर असेल, आणि शूरोच्का नसेल.

तुमच्या वहीसाठी

कोणतंही एक द्वंद्वयुद्ध घ्या, खरं किंवा कादंबरीतलं, आणि चार रकाने आखा. पहिल्यात टप्पा: अपमान, आव्हान, पाठीराख्यांची भेट, मैदानावर येणं, पहिला बार. दुसऱ्यात, त्या टप्प्यावर थांबवणं कोणाच्या हातात होतं. तिसऱ्यात, हे तुम्हाला कोणत्या साधनातून कळलं. चौथ्यात, ते साधन कधीचं आणि कोणाला उद्देशून लिहिलेलं. दुसरा रकाना भरताना तुमचा विषय हळूहळू ‘मान’ या हवेतल्या शब्दावरून माणसांच्या जबाबदारीवर येईल. चौथा भरताना तुमच्या दाव्यांची उंची आपोआप कमी होईल, आणि ते बरंच आहे.

एक धोका लक्षात ठेवा. जी भांडणं मिटली त्यांचे कागद सहसा उरत नाहीत. प्रेत नाही तर खटला नाही, खटला नाही तर फाइल नाही. पुश्किनचं नोव्हेंबरचं आव्हान आपल्याला इतक्या तपशिलात माहीत आहे, ते जानेवारीत काय झालं म्हणून. फक्त फायलींवर विसंबलात तर प्रत्येक द्वंद्वयुद्ध मरणातच संपायचं, असं तुम्हाला वाटू लागेल. मिटलेली भांडणं शोधायला खाजगी पत्रं, रोजनिशा आणि आठवणी चाळाव्या लागतात. काम कंटाळवाणं आहे, पण नवीन काही मिळण्याची शक्यता तिथेच जास्त आहे.

सुरुवात कुठून करायची असेल तर ओनेगिनचं सहावं प्रकरण इंग्रजी किंवा जमल्यास रशियन भाषेत वाचा, आणि झारेत्स्की जिथे गप्प बसतो त्या प्रत्येक जागी समासात खूण करा. खुणा मोजून झाल्या की स्वतःला विचारा: लेन्स्कीला कोणी मारलं? या प्रश्नाचं तुमचं उत्तर, त्याच्या पुराव्यासकट, एका पानात लिहून काढलंत, तर प्रस्तावाचा पहिला मसुदा तुमच्या हातात असेल.